‘कागदोपत्री मुसलमान’ असं इथे काही नसतं : मलेशियातल्या मराठी मंडळींना खुले पत्र

क्वालालंपूर, पेटालिंग जया, सायबरजया आणि आसपासच्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने प्रश्न टाकला. मुलगा इथेच वाढलेला, आता नोकरीला लागलेला. ऑफिसातल्या एका मलय मुलीशी त्याला लग्न करायचं आहे. दोन्ही घरांतून फारसा विरोध नाही, पण कायद्याचं काय, एवढंच त्या माऊलीने विचारलं होतं. तासाभरात उत्तरांचा पाऊस पडला. ती उत्तरं वाचून मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

काहींनी लिहिलं, “कागदोपत्री इस्लाम घेऊ दे. घरात काय करायचं ते करा. भारतात परत गेलात की कोण विचारतंय?” काहींनी दिलासा दिला, “अहो, हे मलय मूळचे हिंदूच. त्यांची भाषा बघा, राजा, देवता, स्वर्ग, सगळं आपलंच. नंतर बाटले, एवढंच.”

पहिला सल्ला त्या मुलाला खड्ड्यात घालेल. दुसरं बोलणं त्या मुलीचा आणि तिच्या सबंध घराण्याचा अपमान आहे. मलय असणं आणि मुसलमान असणं या दोन गोष्टी या देशात एकमेकींत कशा गुंफल्या गेल्या हे माहीत नसलं की माणूस असं बोलतो. आपण इथे घरं घेतली, मुलांना वाढवलं, रमजानच्या बाजारातली खीर आणि मुर्तबाक आवडीने खातो. पण शेजारी राहणाऱ्या माणसाच्या ओळखीला राज्यघटनेने काय करून ठेवलं आहे हे जाणून घ्यायचे कष्ट आपल्यापैकी फार थोड्यांनी घेतले आहेत.

मलेशियाच्या घटनेच्या १६० व्या कलमात ‘मलय’ कोण ते सांगितलं आहे. जी व्यक्ती इस्लाम धर्म मानते, नेहमीच्या व्यवहारात मलय भाषा बोलते, मलय रीतीरिवाज पाळते, आणि स्वातंत्र्याच्या दिवसापूर्वीच्या मलाया किंवा सिंगापूरशी जिचा जन्माचा किंवा वास्तव्याचा संबंध आहे, ती मलय. अशा व्यक्तीचं अपत्यही मलय. रक्ताचा, वंशाचा उल्लेख कुठेही नाही. म्हणून तर जावा, सुमात्रा, सुलावेसीहून आलेल्यांचे वंशज इथे मलय होऊन गेले. सेलांगोरची गादी स्थापन करणारे सुलावेसीकडचे बुगी लोक होते. पेनांगच्या कितीतरी घराण्यांचे पूर्वज दक्षिण भारतातले मुसलमान होते. महाथीर मोहम्मद यांच्या वडिलांकडचं मूळ केरळात जातं हे सर्वांना ठाऊक आहे. मलय समाजाचा उंबरठा एका बाजूने खूप सखल आहे. बाहेरचा माणूस दोन-तीन पिढ्यांत आत सामावून जातो. धर्मांतराला इथली साधी माणसं ‘मासुक मलायु’ म्हणतात, म्हणजे मलय समाजात शिरला, ते यामुळेच.

कलमातल्या अटींपैकी कोणती प्रत्यक्षात तपासली जाते, ते मात्र पाहा. क्वालालंपूरच्या बांगसार भागात घरात फक्त इंग्रजी बोलणारी मलय कुटुंबं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं मलयपण कोणी काढून घेत नाही. रीतीरिवाज कोण किती पाळतो याची नोंद कुठलंच खातं ठेवत नाही. धर्माची नोंद मात्र आहे, आणि ती खिशात असते. तुमच्या मलय सहकाऱ्याचं मायकॅड, म्हणजे राष्ट्रीय ओळखपत्र, कधी हातात आलं तर नीट बघा. पुढच्या बाजूला फोटोजवळ ‘इस्लाम’ हा शब्द छापलेला दिसेल. चिनी किंवा तमिळ सहकाऱ्याच्या कार्डावर ती जागा रिकामी असते. एकाच देशाचे नागरिक, एकाच यंत्रात छापलेली कार्डं, पण धर्म फक्त एकाचा दिसतो.

तो एक शब्द पुसून मिळावा म्हणून एक बाई कित्येक वर्षं झगडली. तिचं नाव लीना जॉय. जन्माने मलय मुसलमान, नाव अझलीना. ती ख्रिस्ती झाली, १९९८ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. नोंदणी खात्याने नाव बदलून दिलं, पण कार्डावरचा ‘इस्लाम’ काढायला नकार दिला. आधी शरिया न्यायालयाकडून तू मुसलमान नाहीस असा आदेश आण, असं तिला सांगण्यात आलं. २००१ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्याविरुद्ध निकाल दिला. तिथल्या न्यायमूर्तींचा युक्तिवाद असा होता की, ती मलय आहे, आणि घटनेच्या व्याख्येनुसार मलय माणूस मरेपर्यंत मुसलमानच असतो. समाज कोणता हे ओळखण्यासाठी लिहिलेली व्याख्या एका बाईच्या श्रद्धेवरचं कुलूप झाली. ३० मे २००७ रोजी संघराज्य न्यायालयाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तिचं अपील फेटाळलं. विरोधी मत सबाहचे न्यायमूर्ती रिचर्ड मलांजुम यांचं होतं. नोंदणी खात्याने फक्त मुसलमानांकडूनच असा आदेश मागणं हा भेदभाव आहे, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं.

शरिया न्यायालयात जा, हे ऐकायला सोपं वाटतं. धर्म हा इथे राज्यांचा विषय आहे. सुलतानांच्या प्रत्येक राज्यात इस्लामचा प्रमुख तिथला सुलतान, आणि प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. नेगरी सेंबिलानच्या कायद्यात धर्म सोडण्यासाठी अर्ज करायची वाट लिहिलेली तरी आहे. इतर बऱ्याच ठिकाणी तशी सरळ वाट नाही, आणि काही राज्यांत तर अर्ज करणारा माणूसच गुन्हेगार ठरू शकतो. १९८८ मध्ये घटनेत १२१ (१अ) हे उपकलम घातलं गेलं. शरिया न्यायालयांच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयांनी पडू नये असं ते सांगतं. तेव्हापासून अशा माणसाची अवस्था दोन दारांमध्ये अडकल्यासारखी झाली आहे.

आता ‘कागदोपत्री’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे. इथे मुसलमान व्यक्तीशी लग्न करायचं तर दुसऱ्याला इस्लाम स्वीकारावाच लागतो. बिगरमुस्लिमांच्या लग्नाचा १९७६ चा कायदा मुसलमानांना लागूच होत नाही. भारतात जाऊन विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करून आलात, तरी इथल्या धार्मिक खात्याच्या लेखी त्या मुलीचं लग्न झालेलंच नसतं. उलट तीच अडचणीत येते. मुलाने शहादा, म्हणजे इस्लाम स्वीकारल्याची साक्ष, म्हटली, नोंद झाली, की त्या दिवसापासून तो या देशाच्या कायद्यात मुसलमान. घरात गणपती बसवला काय किंवा देव्हारा ठेवला काय, नोंद बदलत नाही. उद्या लग्न मोडलं तरी नोंद राहते. तो गेला तर त्याच्या मालमत्तेत हिंदू आईवडिलांना वारसाहक्क राहत नाही. होणारी मुलं जन्मतः मुसलमान. आणि १६० वं कलम पुन्हा वाचलंत तर लक्षात येईल की ती मुलं आईच्या नात्याने मलयही ठरतील. म्हणजे तुमची नात, जिला तुम्ही अंगाई मराठीत म्हणाल, ती घटनेच्या भाषेत मलय असेल. यात वाईट काही नाही. मला तर अशी नात आवडेल. पण हे होणार आहे हे आज माहीत असावं, बारशाच्या दिवशी कळू नये.

एम. मूर्तींचं प्रकरण नव्या मंडळींनी ऐकलं नसेल. १९९७ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या मलेशियन तुकडीतला हा सैनिक. डिसेंबर २००५ मध्ये तो वारला. अंत्यसंस्काराच्या वेळी धार्मिक खात्याने सांगितलं की, त्याने इस्लाम स्वीकारला होता. बायकोला याची गंधवार्ता नव्हती. तिच्या लेखी नवरा शेवटपर्यंत हिंदू होता. शरिया न्यायालयाने तो मुसलमान असल्याचं ठरवलं, आणि त्या न्यायालयात बिगरमुस्लिम बायकोला बाजू मांडायला जागाच नव्हती. ती उच्च न्यायालयात गेली तर तिथे उत्तर मिळालं, हा आमचा विषय नाही. मूर्तींचं दफन झालं. त्या बाईचा नवरा गेला आणि त्याला निरोप कसा द्यायचा हेही दुसऱ्यांनी ठरवलं.

इपोहच्या इंदिरा गांधी या बालवाडी शिक्षिकेचं प्रकरण तर अनेकांना माहीत आहे. नवऱ्याने २००९ मध्ये इस्लाम घेतला, तिला न विचारता तिन्ही मुलांचं धर्मांतर केलं आणि ११ महिन्यांच्या धाकटीला घेऊन तो निघून गेला. २०१८ मध्ये संघराज्य न्यायालयाने निकाल दिला की, मुलांच्या धर्मांतराला आई आणि वडील दोघांचीही संमती लागते. कायदा तिच्या बाजूने लागला, पण लेक त्या निकालाबरोबर घरी आली नाही.

अपवाद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते. २००८ मध्ये पेनांगच्या शरिया न्यायालयाने, लग्नासाठी इस्लाम घेतलेल्या आणि नवऱ्याने सोडून दिलेल्या एका चिनी वंशाच्या बाईला बाहेर पडू दिलं. त्या निकालाची देशभर बातमी झाली, कारण असं सहसा घडत नाही. या अपवादाच्या भरवशावर कुणाच्या मुलाला सल्ला देऊ नका.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, “बघा, म्हणूनच आम्ही म्हणतो, हे लोक कडवे.” तिथेच माझं तुमच्याशी भांडण आहे.

ही गाठ मारली गेली तेव्हाचा काळ बघा. १८७४ च्या पांगकोर करारात पेराकच्या सुलतानाने ब्रिटिश रेसिडेंटचा सल्ला मान्य करायचा असं ठरलं. सगळ्या बाबतींत, मलय धर्म आणि रीतीरिवाज सोडून. तिजोरी गेली, कर गेले, पोलीस गेले. सुलतानाच्या हातात दोनच गोष्टी राहिल्या. हाच नमुना पुढे इतर राज्यांत आला. ज्या समाजाचं सगळं राज्य जातं आणि फक्त धर्म आणि रूढी शिल्लक राहतात, तो समाज त्या दोन गोष्टींना जिवापाड धरतो. मग रबराचे मळे आले, कथिलाच्या खाणी आल्या, चीनमधून आणि तमिळ मुलखातून मजूर आणले गेले. मलयांच्या भातजमिनी मळेवाले आणि सावकारांच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी १९१३ मध्ये मलय राखीव जमिनींचा कायदा केला. राखीव जमीन कोणाला द्यायची हे ठरवायचं तर आधी मलय कोण ते लिहायला हवं. त्या कायद्यात लिहिलं गेलं : जो मलय वंशगटातला आहे, मलय भाषा बोलतो आणि मुस्लिम धर्म मानतो तो. म्हणजे घटनेतल्या व्याख्येचा पहिला मसुदा कुठल्या मौलवीने लिहिला नाही. वसाहतीच्या जमीन खात्यातून तो आला.

पुढे १९४६ मध्ये इंग्रजांनी मलायन युनियन आणली. सुलतानांचं सार्वभौमत्व काढून घेणारी आणि बाहेरून आलेल्यांना सढळ हाताने नागरिकत्व देणारी ही योजना होती. तिच्या विरोधात त्याच वर्षी जोहोर बाहरूला मलयांचा उम्नो पक्ष जन्माला आला. १९५७ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा द्वीपकल्पात मलय जेमतेम निम्मे होते. दुकानं, खाणी, मळे, शहरं, सगळं दुसऱ्यांच्या हातात. आपल्याच मुलखात आपण परके होऊ ही भीती काय असते, हे मुंबईसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसांच्या नातवंडांना मी काय समजावून सांगू? त्या भीतीतून घटनेचं १५३ वं कलम आलं. मलयांना, आणि पुढे सबाह-सारावाकच्या मूळ रहिवाशांनाही, नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, परवाने यांत खास स्थान मिळालं. घर घेताना विकासकाच्या दरपत्रकावर बुमिपुत्रांसाठीची, म्हणजे मलय आणि मूळ रहिवाशांसाठीची, सवलत आपण सगळ्यांनी पाहिली आहे आणि त्यावर कुरकुरही केली आहे. त्या सवलतीचं एक टोक १६० व्या कलमातल्या ‘इस्लाम धर्म मानते’ या शब्दांना बांधलेलं आहे, हे कुरकुरताना कोणाच्या लक्षात येत नाही. जो मलय इस्लाम सोडेल तो कायद्याच्या दृष्टीने मलयही राहत नाही. त्याची श्रद्धा, त्याची जात-जमात आणि त्याची सवलत एकाच दोरीत ओवलेली आहेत.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं ठरवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी बौद्ध धर्म स्वीकारला. तीच माणसं, तीच गावं, वेशीबाहेरचे तेच वाडे, आणि गावाची वागणूकही तीच. पण धर्माच्या रकान्यातला शब्द बदलला आणि केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला १९९० साल उजाडलं. शिखांना १९५६ मध्येच मिळाल्या होत्या. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दारात उभे आहेत. समाज म्हणून मिळणारा हक्क धर्माला बांधला की माणसाची कशी कोंडी होते हे मराठी माणसाइतकं कोणाला कळावं? फरक एवढा की, नागपूरच्या त्या माणसांना बाहेर पडता आलं, किंमत मोजून का होईना. लीना जॉयला किंमत मोजूनही पडता आलं नाही.

आता ‘मूळचे हिंदूच’ या बोलण्याकडे येते. केडाहच्या बुजांग खोऱ्यात जुन्या हिंदू-बौद्ध देवळांचे अवशेष आहेत. २०१३ मध्ये त्यातल्या एका देवळाचे अवशेष विकासकाने पाडले तेव्हा ओरडा करणाऱ्यांत मलय अभ्यासकही होते. हा इतिहास कोणी लपवलेला नाही. पण त्यावरून आजच्या मलय माणसाचा इस्लाम उसना ठरत नाही. तेरेंगानूमध्ये सापडलेला एक शिलालेख आहे. त्यावरचं हिजरी साल ७०२, म्हणजे इसवी सन १३०३, मानलं जातं. अरबी लिपीत, मलय भाषेत, इस्लामी नियम त्यात कोरले आहेत. त्यात ईश्वराला ‘देवता मुलिया राया’ म्हटलं आहे. नवा धर्म त्यांनी स्वतःच्या तोंडातल्या शब्दांत घेतला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगताना स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, म्हणून ती कथा ख्रिस्ती राहिली नाही काय? श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत अभंग लिहीत होते. धर्म माणसाच्या घरात शिरतो तेव्हा त्या घरातलीच भांडी वापरतो. सातशे वर्षं ज्या घरात एक धर्म नांदला, त्या घरच्या लेकीला ‘तुझे पूर्वज आमचेच’ असं सुनावणं हा जवळिकीचा शब्द नाही. तो हक्क सांगणं आहे.

आणि आपला खराखुरा धागा शोधायचाच असेल तर तो समुद्रात सापडेल. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. पुढच्याच वर्षी तिथे पोहोचलेल्या तोमे पिरेश नावाच्या पोर्तुगिजाने मलाक्काच्या बंदरात कुठकुठले व्यापारी येतात त्याची यादी लिहून ठेवली आहे. त्यात गुजराती आहेत, अरब आहेत, आणि चौल, दाभोळ, गोव्याचेही आहेत. त्या काळी या बंदरांतून गुजरातचे, दख्खनचे, तमिळ मुलखाचे मुसलमान व्यापारी इथवर येत होते, आणि मलय द्वीपकल्पात इस्लाम रुजला तो मोठ्या प्रमाणावर अशा व्यापाऱ्यांच्या ये-जा करण्यातून. म्हणजे आपल्या कोकणचा हात या गोष्टीला लागला असेलच, तर तो त्यांना मुसलमान करणाऱ्यांच्या बाजूने. हे आपल्या रविवारच्या मराठी वर्गात मुलांना सांगा. संस्कृत शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हे त्यांना जास्त आवडेल.

नेगरी सेंबिलानमध्ये कुआला पिलाहजवळ एका सहकारी मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला मी गेले होते. निकाह आदल्या दिवशी झाला होता. दुसऱ्या दिवशी बरसांडिंग, म्हणजे नवरानवरी सजवलेल्या आसनावर राजाराणीसारखी बसतात. हातांवर मेंदी. एकेक वडीलधारं माणूस पुढे येतं, पानांची जुडी तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवून त्यांच्या हातांवर शिंपडतं, पिवळे तांदूळ टाकतं. कैरोत शिकून आलेला एक चुलतभाऊ बाजूला उभा होता. त्याला हे पसंत नव्हतं. इस्लामात याला आधार नाही असं तो हळूच म्हणाला. नवरीच्या मोठ्या मावशीने ते ऐकलं, आणि शांतपणे आणखी एकदा पानं बुडवली. जेवताना कळलं की ते वर वळलेल्या टोकांच्या छपराचं घर आणि मागची जमीन मावशीच्या आईकडून आलेली, आणि जाणार नवरीकडे. तिथे सुमात्रातल्या मिनांगकबाऊंची ‘अदात परपातिह’ ही रूढी चालते. वडिलोपार्जित जमीन आईकडून मुलीला जाते, शरियातल्या वाटणीपेक्षा अगदी वेगळी. ती मावशी पाच वेळा नमाज पढते. तिला यात विसंगती दिसत नाही.

मलय समाज असा आहे. त्याच्या आत अदात, म्हणजे रूढी, आणि धर्म यांचा संवाद शतकानुशतकं चालू आहे, कधी गोडीने, कधी भांडत. केलांतानमध्ये ‘मक योंग’ हे जुनं नृत्यनाट्य ‘पास’ या इस्लामी पक्षाच्या राज्य सरकारने १९९० च्या दशकात सार्वजनिक मंचावर बंद केलं. २००५ मध्ये युनेस्कोने त्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरव केला. राज्याने बंदी सैल केली ती २०१९ मध्ये, अटी घालून. १९७० च्या दशकात ‘दावा’ ही इस्लामी प्रबोधनाची चळवळ विद्यापीठांत पसरली. तिच्या ‘आबिम’ या युवक संघटनेचे नेते तरुण अन्वर इब्राहिम होते, आजचे पंतप्रधान. त्यानंतर उम्नो आणि पास यांच्यात जास्त इस्लामी कोण याची चढाओढ लागली. माझ्या ऑफिसातल्या अनेकींच्या आयांचे कॉलेजातले फोटो अंबाडा आणि केबाया या पारंपरिक झग्यातले आहेत; मुली तुडुंगमध्ये, म्हणजे डोकं झाकणाऱ्या रुमालात, आहेत. काही मनापासून, काही सगळ्या घालतात म्हणून. त्यातली कोण कशी हे बाहेरून ठरवायचा अधिकार आपल्याला नाही.

मला १६० व्या कलमातली धर्माची अट अन्यायाची वाटते. हे मी मलय मैत्रिणींसमोरही बोलले आहे. त्यातल्या काहींना ते पटतं, काहींना राग येतो. ज्यांना राग येतो त्या म्हणतात, ही अट काढली तर आमची ओळखच विरघळेल. त्यांना मी पुलापलीकडचं सिंगापूर दाखवते. तेच मलय, जोहोरमध्ये त्यांचे मामा-मावश्या. सिंगापूरच्या घटनेतही मलयांच्या खास स्थानाचा उल्लेख आहे. पण निवडणुकीच्या कायद्यात मलय कोण हे ठरवताना धर्माची अट नाही : जो स्वतःला मलय समाजाचा मानतो आणि ज्याला तो समाज सर्वसाधारणपणे आपला मानतो, तो. तिथे कार्डावर ‘इस्लाम’ छापत नाहीत. आणि २०२० च्या जनगणनेत तिथल्या मलयांपैकी सुमारे ९९ टक्के मुसलमान आहेत. दार उघडं ठेवलं म्हणून घर रिकामं झालं नाही. श्रद्धा खरी असेल तर तिला राखणीला कलम लागत नाही. त्या माझ्या मैत्रिणींच्या श्रद्धेवर त्यांच्या कायद्यापेक्षा माझा जास्त विश्वास आहे.

हे प्रश्न विचारणारे मलय इथेच आहेत, आणि ते आपल्यापेक्षा फार धीट आहेत. ‘सिस्टर्स इन इस्लाम’च्या बायका १९८० च्या दशकापासून मुसलमान म्हणूनच कुटुंबकायद्यावर बोलत आहेत. २०१४ च्या डिसेंबरमध्ये २५ निवृत्त मलय उच्चाधिकाऱ्यांनी एक खुलं पत्र काढलं. धर्माच्या नावाखाली घटनेची पायमल्ली होते आहे, यावर उघड चर्चा होऊ द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केलांतानच्या शरिया गुन्हे कायद्यातली १६ कलमं संघराज्य न्यायालयाने रद्द केली. तो दावा लावणाऱ्या दोघी मायलेकी मलय मुसलमान होत्या. आपण ग्रुपवर “हे लोक” म्हणतो तेव्हा या मायलेकींनाही त्यात टाकतो.

तेव्हा माझी विनंती आहे. ज्या सल्ल्यांनी हे पत्र लिहायला लावलं ते ग्रुपवरून काढा, निदान त्या आईला फोन करून मागे घ्या. ‘मूळचे हिंदूच’वाले फॉरवर्ड थांबवा, त्या मुलीला मराठी कळत नसलं तरी उद्या ती आपल्या घरात येणार आहे आणि हे सूर भाषा न कळताही कळतात. मुलाला लग्न करू नको असं मी म्हणत नाही. इस्लाम मनापासून स्वीकारावासा वाटला तर त्याने तो जरूर स्वीकारावा, आणि आपण त्याच्या निकाहला नटूनथटून जावं. पण सही करण्याआधी त्याला पूर्ण माहिती हवी.

त्यासाठी दिवाणी आणि शरिया असे दोन्ही कायदे जाणणाऱ्या एका वकीलबाईंशी मी बोलले आहे. त्या येत्या शनिवारी सकाळी वेळ द्यायला तयार आहेत. मुलगा, त्याचे आईवडील आणि शक्य असेल तर ती मुलगी आणि तिचे आईवडीलही, सगळ्यांनी एकत्र यावं. वारसा, मुलांचा धर्म, नाव, लग्न मोडलं तर काय, भारतात राहायला गेले तर काय, असे जे प्रश्न असतील ते लिहून आणावेत. ज्यांच्या घरात मुलं वयात येत आहेत त्यांनीही यावं. जागा आमच्या घरी, पेटालिंग जयाला. पत्ता ग्रुपवर आहेच. मला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे माणसांचा अंदाज येईल. जेवण हलाल असेल.

आपली,
मंडळातली एक जुनी सदस्य